वाळवंटातला तांडेवाला : मारीचे बेजा दरवेश

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नकाशात, ग्रेट सँडी डेझर्ट या अफाट वाळवंटात एका टेकडीचे नाव ‘बेजा हिल’ असे आहे. त्या भागातील बहुतेक टेकड्या, विहिरी आणि झरे इंग्रज संशोधकांची, त्यांच्या आश्रयदात्यांची किंवा गव्हर्नरांची नावे धारण करून आहेत. त्या नामावळीत बलुचिस्तानात जन्मलेल्या एका उंटवाल्याचे नाव कसे आले, याची हकिकत 1896 सालच्या एका मोहिमेत आहे. मात्र ज्यांचे नाव त्या टेकडीला मिळाले, त्या बेजा दरवेश यांचे उरलेले आयुष्य त्या टेकडीपासून फार दूर, दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी नावाच्या छोट्याशा रेल्वेगावात गेले. 6 मे 1957 रोजी ते वारले तेव्हा त्यांचे वय पंचाण्णवच्या घरात होते आणि ऑस्ट्रेलियात येऊन त्यांना 67 वर्षे झाली होती.

मधल्या काळात एका वसाहतीचे राष्ट्र झाले, उंटांच्या वाटांवर रेल्वे आणि मोटारी आल्या आणि ज्यांच्या पाठीवरून त्या देशाचा अंतर्भाग उभा राहिला, त्या माणसांना त्या देशात कोणते स्थान द्यायचे हा प्रश्न कायदेमंडळात अनेकदा चर्चिला गेला. बेजा दरवेश यांचे चरित्र वाचताना हे दोन्ही प्रवाह एकत्र पाहावे लागतात.

कराचीहून फ्रीमँटलला

बेजा यांचा जन्म 1862च्या सुमारास बलुचिस्तानात झाला. तारुण्यात त्यांनी हिंदुस्थानी सैन्यात नोकरी केली. कंदाहार आणि कराची येथे, लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या हाताखाली ते होते आणि सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते. तो दुसऱ्या अफगाण युद्धाचा काळ. बोलन खिंडीतून आणि पलीकडच्या उजाड मुलखातून सैन्याची रसद उंटांच्या पाठीवरून जात असे आणि त्या युद्धात मेलेल्या उंटांची संख्या हजारोंनी मोजली गेली. उंट कसा जगवावा आणि कशाने मरतो, हे शिकण्यासाठी याहून कठोर शाळा दुसरी नव्हती.

कराची बंदर त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. 1847 ते 1936 या काळात सिंध प्रांताचा कारभार मुंबईहून चालत असे. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात ज्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, त्या माणसांपैकी अनेकांनी अशा रीतीने मुंबई सरकारच्या हद्दीतील धक्क्यावरून जहाजात पाऊल ठेवले होते.

ऑस्ट्रेलियात उंटांची गरज पडण्याचे कारण सरळ होते. त्या खंडाच्या मध्यभागी पाणी नव्हते आणि घोडे व बैल पाण्याशिवाय चालत नव्हते. 1860 मध्ये बर्क आणि विल्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेसाठी दोन डझन उंट हिंदुस्थानातून नेण्यात आले. 1866 मध्ये थॉमस एल्डर या धनिकाने कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि त्यांच्याबरोबर 31 माणसे पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरवली. तेव्हापासून हा ओघ सुरू झाला. 1920पर्यंत सुमारे वीस हजार उंट आणि किमान दोन हजार उंटवाले या खंडात आले असावेत, असा अंदाज सांगितला जातो. त्यांत बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी, काश्मिरी असे नाना प्रकारचे लोक होते. बहुतेकांचा करार तीन वर्षांचा असे. बायकामुले मायदेशी ठेवून यावे आणि मुदत संपताच परत जावे, अशी मालकांची अपेक्षा असे. स्थानिक गोऱ्या लोकांना त्यांच्यातील फरक जाणून घेण्याची गरज वाटली नाही. सर्वांना ‘अफगाण’ आणि पुढे नुसते ‘घान’ हे नाव पडले.

बेजा दरवेश 1890 मध्ये उंट घेऊन येणाऱ्या जहाजातून पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात उतरले. दोनच वर्षांनी कूलगार्डी येथे सोने सापडले आणि पाणी, पीठ, यंत्रे, लाकूड अशा प्रत्येक वस्तूच्या वाहतुकीसाठी उंटांना मागणी आली. त्याचबरोबर बैलगाड्या हाकणाऱ्या गोऱ्या गाडीवानांचा रोषही वाढला. पाणवठ्यावर आधी कोणाची जनावरे पाणी पितील, यावरून मारामाऱ्या होत. बेजा यांची ऑस्ट्रेलियातील पहिली वर्षे या वातावरणात गेली.

कॅल्व्हर्ट मोहीम

1896 मध्ये लंडनस्थित खाणतज्ज्ञ अल्बर्ट कॅल्व्हर्ट यांच्या पैशातून एक मोहीम निघाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर जो भाग अजून कोरा होता तो पाहावा, वनस्पती व प्राणी गोळा करावेत आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे गुरे नेण्याजोगी वाट सापडते का ते तपासावे, असे तिचे उद्देश होते. सर्वेक्षक लॉरेन्स वेल्स हे प्रमुख होते. त्यांचे चुलतबंधू चार्ल्स वेल्स, अवघा अठरा वर्षांचा जॉर्ज जोन्स, निसर्ग-अभ्यासक जॉर्ज कीर्टलँड आणि जेम्स ट्रेनर यांच्या जोडीला बेजा दरवेश आणि सैद अमीर हे दोन उंटवाले होते. अशी सात माणसे आणि वीस उंट. मलेवा या गावाहून हा काफिला निघाला.

ग्रेट सँडी डेझर्टमधील वाळूच्या टेकड्या एकामागे एक समांतर रांगांनी उभ्या असतात. उत्तरेकडे जाणाऱ्याला त्या आडव्या येतात. प्रत्येक रांग चढायची, उतरायची आणि लगेच पुढच्या रांगेला भिडायचे, असा तो प्रवास. लादलेल्या उंटाला चढणीपेक्षा उतरण अधिक त्रासदायक असते. ओझे पुढे सरकते, खोगिराखाली पाठ सोलली जाते आणि एकदा जखम झाली की ती त्या प्रवासात भरून येत नाही. म्हणून रोज सकाळी ओझ्याच्या दोन्ही बाजू समान आहेत की नाहीत हे पाहणे, खोगिराची गादी उलगडून पुन्हा भरणे, विषारी झुडपांपासून जनावरे दूर राखणे आणि रात्री चरायला सोडलेले उंट पहाटे माग काढून परत आणणे, ही कामे उंटवाल्याची असत. मोहिमेतील साऱ्यांचे प्राण या कामावर अवलंबून होते.

ऑक्टोबर 1896 मध्ये एका विहिरीपाशी पथकाचे दोन भाग झाले. त्या विहिरीला पुढे ‘सेपरेशन वेल’ म्हणजे ताटातुटीची विहीर हेच नाव मिळाले. चार्ल्स वेल्स आणि जोन्स यांनी वेगळ्या वाटेने जाऊन आसपासचा मुलूख पाहावा आणि उत्तरेला जोआना स्प्रिंग या झऱ्यापाशी मुख्य पथकाला गाठावे, असे ठरले. हा झरा वॉर्बर्टन या संशोधकाने 1873 मध्ये नोंदला होता. परंतु त्याच्या नकाशात रेखांश चुकला होता. झरा जिथे दाखवला होता तिथे नव्हता.

मुख्य पथक झऱ्याच्या शोधात भटकले आणि तो सापडला नाही. ऑस्ट्रेलियात तो उन्हाळ्याच्या तोंडाचा काळ. दिवसाच्या उष्णतेत चालणे अशक्य झाले, म्हणून रात्री चालू लागले. उंट खंगत गेले. ओझे कमी करण्यासाठी सामान आणि महिनोन् महिने जमवलेले नमुने वाळवंटातच टाकून द्यावे लागले. लॉरेन्स वेल्स यांच्यापुढे दोनच मार्ग होते. साथीदारांची वाट पाहत तिथेच थांबावे आणि सर्वांनी मरावे, किंवा उत्तरेला फिट्झरॉय नदीकडे धाव घ्यावी. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते पथक फिट्झरॉय नदीवर पोहोचले. पाचही जण जिवंत होते.

चार्ल्स वेल्स आणि जोन्स मात्र आले नाहीत. लॉरेन्स वेल्स यांनी त्यांच्या शोधासाठी पुन:पुन्हा वाळवंटात फेऱ्या मारल्या. अखेर मे 1897 मध्ये दोघांचे मृतदेह सापडले. झऱ्यापासून ते फार दूर नव्हते. जोन्सने लिहून ठेवलेल्या नोंदींवरून त्यांचे शेवटचे दिवस जगाला कळले. ॲडलेड शहरात त्यांची सार्वजनिक अंत्ययात्रा निघाली.

या मोहिमेच्या इतिहासात दोन तरुणांच्या मृत्यूची छाया एवढी मोठी आहे की जी पाच माणसे वाचली ती कशामुळे वाचली, हा प्रश्न सहसा मागे पडतो. लॉरेन्स वेल्स यांना त्याचे उत्तर ठाऊक होते. आपल्या उंटवाल्याची निष्ठा, जनावरांवरची त्याची नजर आणि संकटातील त्याचा स्थिरपणा यांची त्यांनी वाखाणणी केली. वाळवंटातील एका टेकडीला त्याचे नाव दिले आणि स्वत:चे होकायंत्र त्याला भेट दिले. मालक आणि नोकर, गोरा आणि काळा हे भेद ज्या काळात अगदी पक्के होते, त्या काळात एका सर्वेक्षकाने आपले दिशा दाखवणारे साधन उंटवाल्याच्या हाती द्यावे, यातील मान बेजा यांना पुरेपूर समजला होता. ते होकायंत्र त्यांनी मरेपर्यंत जपले.

रुळांच्या पलीकडची वस्ती

विसाव्या शतकाच्या आरंभी बेजा दक्षिण ऑस्ट्रेलियातील हर्गॉट स्प्रिंग्ज या गावी स्थायिक झाले. गावाचे हे नाव एका जर्मन वनस्पती-अभ्यासकावरून पडलेले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन नावे पुसण्याची लाट आली आणि गावाचे नाव ‘मारी’ झाले. ॲडलेडच्या उत्तरेस सुमारे 680 किलोमीटरवर हे ठिकाण आहे. पाऊस नावालाच पडतो. 1884 मध्ये रेल्वे येथवर आली आणि गाव वाहतुकीचे नाके बनले. रेल्वेने आलेला माल येथे उतरे आणि पुढे शेकडो किलोमीटर पसरलेल्या मेंढ्यांच्या व गुरांच्या कुरणांवर उंटांच्या पाठीवरून जाई. परतीच्या वाटेवर उंट लोकरीचे गठ्ठे घेऊन येत.

मारीचे रूळ हीच गावाची सीमारेषा होती. एका बाजूला हॉटेल, दुकाने आणि गोऱ्या लोकांची घरे. दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची पत्र्याची घरे, उंटांचे वाडे, मातीच्या भिंतींची छोटी मशीद आणि मूळ रहिवाशांची वस्ती. दफनभूमीतही वेगवेगळे भाग होते. महाराष्ट्रातील गावकुसाची रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा नकाशा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. फरक इतकाच, की येथे रुळांच्या पलीकडची वस्ती बंद पडली असती तर अलीकडच्या वस्तीला आणि उत्तरेच्या साऱ्या कुरणांना पीठ, साखर आणि चहा मिळाला नसता.

बेजा यांनी येथे स्वत:चा उंटांचा व्यवसाय उभा केला. करारावरचा माणूस आता तांड्याचा मालक झाला. त्यांची मुख्य वाट बर्ड्‌सव्हिलची. मारीहून क्वीन्सलँडच्या हद्दीवरील बर्ड्‌सव्हिल या गावापर्यंत ही वाट 500 किलोमीटरहून थोडी अधिक आहे. लादलेला तांडा दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालला तरी एका बाजूला जवळपास तीन आठवडे लागत. दणकट नर उंट 600 किलोपर्यंत ओझे उचलू शकत असे. एकामागे एक दोरीने जोडलेले उंट, प्रत्येकाच्या नाकात खुंटी आणि तिला बांधलेली बारीक दोरी, अशी ती रांग असे. उंट बसवताना दिली जाणारी ‘हूश्ता’ ही हाक त्या मुलखातील इंग्रजी बोलीतही रुळली.

दख्खनच्या पठारावर रेल्वे येण्यापूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत, त्याच जातीचे हे काम होते. तांड्याच्या मालकाची पत त्याच्या शब्दावर ठरते. दूरच्या कुरणावरील बाईने सहा महिन्यांपूर्वी सांगितलेले पीठ ठरल्या महिन्यात, न भिजता, न फुटता पोहोचले पाहिजे. वाटेत नदीला पूर आला तर आठवडाभर थांबायचे, दुष्काळ असला तर पाण्याचा हिशेब करून वाट बदलायची. पत्र, तार, फोन यांपैकी काहीही वाटेत नाही. अशा व्यवहारात माणसाचा भरवसा हेच भांडवल असते आणि बेजा यांनी ते अनेक दशकांच्या खेपांतून जमवले. गोऱ्या कुरणमालकांपासून मशिदीतील सहकाऱ्यांपर्यंत त्यांना मान मिळाला तो यामुळे.

मारीतच त्यांनी एका विधवा गोऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि संसार मांडला. अशा विवाहांकडे त्या काळात गोरा समाज तिरस्काराने पाहत असे. रुळांच्या पलीकडच्या वस्तीत मात्र अनेक घरे अशीच होती. कुठे युरोपीय स्त्री, कुठे मूळ रहिवासी समाजातील स्त्री, आणि त्यांची इंग्रजी बोलणारी व नमाज शिकणारी मुले. बेजा यांचा मुलगा अब्दुल जुब्बार हा गावात आणि पुढे साऱ्या देशात जॅक बेजा या नावाने ओळखला गेला.

कायद्याच्या नजरेत

बेजा ज्या देशात उतरले तो वसाहतींचा समूह होता. 1901 मध्ये त्या वसाहतींचे राष्ट्र झाले आणि त्याच वर्षी स्थलांतर निर्बंध कायदा झाला. त्यातील श्रुतलेखनाच्या परीक्षेत अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्द लिहून घेऊ शकत असे. आशियाई माणसाला नापास करणे हाच तिचा हेतू होता. आधीपासून राहणाऱ्या उंटवाल्याने मायदेशी जाऊन यायचे म्हटले तरी या परीक्षेतून सूट देणारा दाखला त्याला काढावा लागे. दाखला नसेल तर परतीची वाट बंद. 1903च्या कायद्याने आशिया खंडात जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा अर्ज करण्याचीच मनाई केली. 1908 मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू झाले, त्यातून ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेले आशियाई वगळले गेले.

1 जानेवारी 1915 रोजी ब्रोकन हिल या खाणीच्या गावाजवळ दोन मुसलमानांनी सहलीच्या रेल्वेगाडीवर गोळीबार केला. त्यांपैकी एक जण पूर्वी उंट हाकीत असे. त्या घटनेनंतर उंटवाल्यांच्या साऱ्या समाजावर संशयाची नजर वळली. मारीसारख्या गावांत अशा काळी वडीलधाऱ्या, नावाजलेल्या माणसांचे महत्त्व वाढते. संशोधकाने गौरवलेला, सैन्यात राहिलेला आणि ज्याचा माल कधी चुकला नाही असा माणूस वस्तीत असणे, हाच तिचा आधार होता.

या कायद्यांत पहिली फट पडली ती एका हिंदी पाहुण्यामुळे. 1922 मध्ये श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियात आले. नामदार गोखले यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते गोखल्यांनंतरचे अध्यक्ष. साम्राज्यातील समान प्रजाजन म्हणून तेथील हिंदी लोकांना हक्क मिळावेत, हा मुद्दा त्यांनी सभांतून आणि मंत्र्यांच्या भेटीतून मांडला. परिणामी 1925 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला आणि पुढच्या वर्षी निवृत्तिवेतनाचे दारही उघडले.

या सुधारणेने उंटवाल्यांच्या वस्त्यांत एक विचित्र प्रश्न उभा केला. तोवर सर्वांना एकाच ‘अफगाण’ नावाखाली ढकलले होते. आता मात्र जन्म नेमका कुठला, हे महत्त्वाचे झाले. पेशावरचा माणूस ब्रिटिश प्रजाजन होता, कंदाहारचा परका होता आणि बलुचिस्तानचा मोठा भाग तर संस्थानी मुलूख होता. तीस-चाळीस वर्षे एकाच मशिदीत नमाज पढणाऱ्यांत कायद्याने अशा रेषा ओढल्या.

त्याच 1925 सालात दक्षिण ऑस्ट्रेलियाने उंटांच्या विनाशाचा कायदा केला. मोटारलॉऱ्या कच्च्या वाटांवर धावू लागल्या होत्या, उंटांचा उपयोग संपत चालला होता आणि मोकाट जनावरे कुंपणे व पाणवठे नासवीत होती. नोंदणी नसलेले भटके उंट मारण्याची मुभा या कायद्याने दिली. एका हाताने काही जणांना मत मिळाले आणि दुसऱ्या हाताने सर्वांचे पोट गेले. अनेक उंटवाल्यांना आपल्या जनावरांवर गोळी झाडवेना. त्यांनी ती वाळवंटात सोडून दिली. आज ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात जे लाखो रानटी उंट आढळतात, ते त्या सोडलेल्या जनावरांचे वंशज होत.

खजुराची झाडे

बेजा यांनीही पुढे तांडा आवरता घेतला. त्या सुमारास त्यांचे बरेच सोबती मायदेशी परतले होते किंवा शहरातील मशिदींच्या आवारात उरलेले दिवस कंठीत होते. बेजा मारीतच राहिले. त्यांनी खजुराची झाडे जोपासली. खजुराला फळ धरायला वर्षे लागतात. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने त्या झाडांना पाणी घालीत बसावे, याचा अर्थ मारीच्या लोकांना विचारावा लागला नसेल. हा माणूस येथून कोठेही जाणार नव्हता.

1939 मध्ये त्यांच्या घराण्याचे नाव पुन्हा एकदा संशोधनाच्या इतिहासात आले. भूगर्भशास्त्रज्ञ सेसिल मॅडिगन यांनी सिम्पसन वाळवंट पार करण्याची मोहीम आखली. हजारावर वाळूच्या रांगा असलेला तो मुलूख मोटारींना त्या वेळी साध्य नव्हता. तांडे मोडून दशक लोटले असताना शास्त्रज्ञांना पुन्हा उंट लागले आणि उंट जाणणारी माणसेही लागली. ती मारीतच उरली होती. एकोणीस उंटांच्या त्या काफिल्याची जबाबदारी जॅक बेजा यांनी सांभाळली. त्यांच्या जोडीला नूर मोहम्मद मूशा हे होते. जून 1939 मध्ये निघून पथक जुलैच्या सुरुवातीला बर्ड्‌सव्हिलला सुखरूप पोहोचले. या वेळी कोणी हरवले नाही, कोणी मेले नाही. बापाने 43 वर्षांपूर्वी एका वाळवंटात जे केले तेच मुलाने दुसऱ्या वाळवंटात केले. एवढ्या मोठ्या उंटांच्या काफिल्यानिशी निघालेली ही ऑस्ट्रेलियातील शेवटच्या मोहिमांपैकी एक ठरली.

1954 मध्ये जॉन हेयर या दिग्दर्शकाचा ‘द बॅक ऑफ बियाँड’ हा माहितीपट प्रदर्शित झाला. बर्ड्‌सव्हिलच्या वाटेवर लॉरीतून टपाल नेणाऱ्या टॉम क्रूझ यांच्याभोवती तो गुंफलेला आहे. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात मारीचे वृद्ध बेजा दरवेशही दिसतात. लॉरेन्स वेल्स यांनी दिलेले होकायंत्र त्यांच्या हाती आहे आणि ते मक्केची दिशा पाहत आहेत. ज्या वाटेवर त्यांचे तांडे तीन तीन आठवडे चालले, तिच्यावरून आता टपालाची लॉरी जात होती. चित्रपटात दोघेही आहेत, हे दिग्दर्शकाने त्या वाटेला दिलेले न्याय्य माप म्हणावे लागेल.

मृत्यू आणि नंतर

मे 1957 मध्ये बेजा दरवेश यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने एक नियम बदलला. पंधरा वर्षे देशात राहिलेल्या बिगरयुरोपीय माणसांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी, 1958 मध्ये, श्रुतलेखनाची ती परीक्षाही रद्द झाली. बेजा यांच्या वास्तव्याची 67 वर्षे या पंधरा वर्षांशेजारी ठेवून पाहिली की उंटवाल्यांच्या पिढीला कायद्याने किती उशिरा ओळखले, हे आकड्यांतच कळते. त्यांच्यापैकी बहुतेक जण तोवर दफनभूमीत गेले होते.

मारीतून जाणारी ‘द घान’ ही रेल्वेगाडी 1980 मध्ये नव्या मार्गाने धावू लागली आणि गाव मागे राहिले. त्या गाडीचे नाव उंटवाल्यांवरून पडले, असे मानले जाते. आज मारीची वस्ती शंभराच्या आतबाहेर आहे. उंटवाल्यांच्या मशिदीची प्रतिकृती तेथे उभारलेली आहे, जुने रूळ आहेत आणि खजुराची झाडे आहेत. उंटवाल्यांचे वंशज आज ऑस्ट्रेलियाभर पसरले आहेत. कित्येक घराण्यांत बलुची, युरोपीय आणि मूळ रहिवासी असे तिन्ही वारसे एकत्र नांदतात.

परदेशात स्थिरावलेल्या माणसाच्या आयुष्याची मोजदाद सहसा कागदपत्रांनी केली जाते. कोणत्या वर्षी प्रवेश मिळाला, कोणत्या वर्षी कायमचे वास्तव्य, कोणत्या वर्षी नागरिकत्व. बेजा दरवेश यांच्या हयातीत त्यांच्यासारख्यांना त्या कागदांची वाट दीर्घकाळ बंद होती. तरीही मारी हे त्यांचे गाव होते, बर्ड्‌सव्हिलची वाट त्यांची वाट होती आणि त्या मुलखातील लोकांनी ते तसे मानले. पीठ वेळेवर पोहोचवणे, जनावर जगवणे, संकटात साथ न सोडणे, मुलाला आपली विद्या देणे आणि म्हातारपणी फळ देणारी झाडे लावणे, एवढ्यावर त्यांनी तो हक्क मिळवला होता. कायदा पोहोचण्यापूर्वी साठ वर्षे नकाशाने त्यांची नोंद केली होती. ग्रेट सँडी डेझर्टमधील ती टेकडी आजही त्याच नावाने ओळखली जाते.